सात वर्षांची बाही

प्रिय थोरले,

माझं पत्र बघून दचकू नकोस, मेलेबिले नाही. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र अजून तशीच आहे. लोकांची धुणी सोडली. आता शाळेचे गणवेश शिवतात त्या कारखान्यात इस्त्रीवर असते. तिथली मुकादमीण तुझ्याहून लहान. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, काल जन्मलीस, मला काय शिकवतेस? तर म्हणाली, मावशी, कापड जळतंय, आधी इस्त्री उचला.

तुलाही एकोणिसाव्या वर्षी हेच म्हटलं होतं ना, तुझं लग्न तू ठरवलंस तेव्हा. काल जन्मलीस, तुला काय कळतं? तू एवढंच म्हणालीस, मग सातव्या वर्षी कसं कळायला हवं होतं गं, आई? आणि गेलीस. बारा वर्षं झाली. तुझ्या माघारी मी तुलाच शिव्या घातल्या.

तू सात वर्षांची होतीस, त्या दिवशी मी धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठा पोचवायला निघाले. तुझा भाऊ दीड वर्षाचा. बाळाकडे बघ, मोठी आहेस ना, म्हटलं आणि दार ओढून गेले. आले तेव्हा बाळ धुण्याच्या भरल्या पिंपात होतं, जीव गेलेला. गल्ली गोळा झाली. त्या सगळ्यांसमोर मी तुझ्यावर ओरडले, सात वर्षांची घोडी, एवढं कळलं नाही? पुढे भाजी करपली तरी तेच ऐकवलं.

इथं प्रत्येक कपड्याच्या कॉलरला वयाची चिठ्ठी असते. मी कधी बघत नाही, हात चालवते. परवा पुऱ्या बाह्यांचा एक फ्रॉक आला. इस्त्री दोनदा फिरवली तर संपला. चिठ्ठीवर सात. मला वाटलं, चाराचा असेल, चुकली असेल कुणी. मुकादमीण हसली. म्हणाली, मावशी, सात वर्षांचं पोर एवढंच असतं.

मी तिथेच खाली बसले.

आता खरं लिहिते. बाळ ज्या स्टुलावर चढलं, ते पिंपाशी मीच ठेवून गेले होते. आणि तुझ्या दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत भिजल्या होत्या. ते मी तेव्हाच बघितलं होतं. बोलले नाही. बोलले असते तर गल्लीनं माझ्याकडे बघितलं असतं.

तो फ्रॉक मागून घेतला, सोबत पाठवतेय. बाही मोजली. जेमतेम दोन वीत भरली. पिंप त्याहून खोल होतं, पोरी.

तुझीच, अजून म्हणत असशील तर,
आई