फिलमवरचा पिवळा अंगठा

नाथाजी,

पहिल्या एस्टीनं विट्याला निघालोय. रंगूला आणि तिच्या सासऱ्यांना घेऊन सांजच्याला येतो. तिच्या लग्नाची फिलम भिंतीवर दाखवायची हाय, तवा भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेव.

काल ओरडलो ते मनात धरू नको. हळदीच्या बाजारातनं आलास आणि हात न धुता फिलमचे तुकडे जोडाय बसलास, म्हणून डोकं फिरलं. जोड अजून ओले हायत, डबा उघडू नको. उघडलासच, तर फिलम कडंनं धर. आणि उठल्या उठल्या ओलं फडकं घिऊन फिलमवर उठलेला तो हळदीचा अंगठा पुसायला बसशील, मला ठावं हाय. पुसायचा न्हाई! एकदा चरा पडला की जन्माचा, आणि हिची दुसरी प्रत न्हाई.

मी पहाटं उठून, जपून, भिंग लावून सगळी फिलम बघितली. रंगू हाय, मामा हाय, बँडवाला तर चारदा आलाय. तू कुठंच न्हाईस. भनीच्या लग्नात भाऊ बसत न्हाई, तू दिसभर पंगतीत वाढत हुतास, आणि मला मेल्याला कॅमेरा तिकडं वळवायचं सुचलं न्हाई. रंगू सासरी निघाली, तवाबी तू भांडी मोजत हुतास. नेमका त्याच तुकड्यावर तुझा अंगठा उठलाय.

भिंतीवर डोळ्याचं पातं लवंपत्तोर पिवळं हुईल. सासऱ्यांनी इचारलं, हे काय, तर सांगीन, हा आमचा नाथाजी.

शेंगा भाजून ठेव. हात धू.

दादा