वीतभर राहिलेलं लुगडं

१७ सप्टेंबर १९८३, लेस्टर, विलायत

सामान बांधून झालं. सुनेनं पेटीत साबणाच्या वड्या कोंबल्या, गल्लीतल्या पोरांसाठी गोळ्या, भाऊजींसाठी लोकरीची टोपी. नागपुरात लोकरीची टोपी! प्रमोदिनी मनानं चांगली आहे. येताना तिला उगाच घाबरत होते.

शामला मांडीवर येऊन बसली. "आजी, तू काहून चालली?" महिनाभरात पोरीला ‘काहून’ लागलं. ताराचंद हसला आणि एकदम उठून बाहेर गेला.

इथल्या खुर्च्या उंच. पाय जमिनीला टेकत नाहीत.

१८ सप्टेंबर, विमानात

अक्षर वाकडं येईल, येऊ दे.

मागच्या आठवड्यात सगळे समुद्रावर गेलो होतो. तिथं ताराचंद म्हणाला होता, "आई, बाबाच्या हातमागाची खोली मोकळी केली तर तिथं नीट खोली अन् न्हाणी बांधू. मग शामलाले घेऊन दरसाल दिवाळीत येतो." मी "बरं" म्हटलं. दरसाल! कोणती आई नाही म्हणेल? हातातलं आईस्क्रीम वितळून मनगटावर ओघळलं तरी कळलं नाही.

पण माझं ‘बरं’ म्हणजे कधीतरी. आज नाही, उद्या नाही.

विमानतळावर निरोप घेताना म्हणतो, "गल्लीतल्या भैयाजीच्या दुकानात फोन केला आई. काकाले सांगितलं, ती पोचायच्या आत माग काढून टाका. तुले पाहवणार नाही ना, म्हणून."

मायेनंच बोलला तो. मी म्हटलं, "बरं केलं."

बरं केलं! हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले? मग पोरगी रडायला लागली, रांग पुढे सरकली, आणि मी आत. मागं वळून पाहिलं तर काच. काचेपलीकडे तिघं हात हलवत होते.

आता पट्टा बांधून बसले आहे. पाय इथंही टेकत नाहीत.

त्याच दिवशी, नंतर

मागावर लुगडं अर्धवट आहे. दीड हात राहिलं होतं. विणता विणता हे पाणी प्यायला मागाच्या खड्ड्यातून वर आले, तांब्या हातात घेतला आणि तिथंच बसले ते बसलेच. दोन वर्षं झाली. आडवं सूत ओढणारा धोटा अजून डाव्या अंगाला आहे, ठेवला होता तसा. मी रोज धूळ झटकते, वरून जुनं धोतर पांघरते. बाकी कुणाला हात लावू दिला नाही.

आणि भाऊजींना तर कुणी सांगायचा अवकाश. सुरी घेतली, सपकन उभ्या सुताचा ताणा कापला, दांड्या सोडल्या, खड्डा बुजवला. दुपारभराचं काम.

देवा, भाऊजींना ताप येऊ दे. थोडासा. जास्त नको.

१९ सप्टेंबर

शेजारी एक नर्सबाई आहे. पुष्पलता नाव, माहेर पारशिवनीचं. विलायतेत दवाखान्यात नोकरी करते. मी डब्यातली दशमी काढली तशी म्हणाली, "मावशी, तुमी नागपूरच्या का वं?" दशमीवरून ओळखलं म्हणे! मग काय, गप्पा सुरू. विमानातलं जेवण उघडून बघते अन् म्हणते, "ह्याले भाजी म्हणतेत! आमच्या गावात आजाऱ्यालेबी देत नाहीत." मिठाच्या पुड्या मात्र तिनं आपल्याही घेतल्या, माझ्याही घेतल्या.

आखाती गावी विमान उतरलं ते उठेचना. यंत्रात बिघाड. सगळ्यांना एका मोठ्या खोलीत बसवलं. लोक ओरडत होते. मी मनातून ओरडत होते. इकडं आम्ही वाळवंटात बसून, तिकडं भाऊजी सुरी पाजळत असतील.

शेवटी पुष्पलताला सगळं सांगितलं. तिनं कुणाशी तरी इंग्रजीत भांडून फोन मिळवला. मुंबई लागली, नागपूर लागेना. पुन्हा लावला. खर्रर्र, खर्रर्र. ती म्हणाली, "मावशी, लागला तर काय सांगू? काढू नका म्हणून?"

मी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

काढू नका म्हटलं तर खोली नाही. खोली नाही तर दिवाळी नाही, शामला नाही. मला माग पाहिजे की नात पाहिजे? हे असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.

फोन लागलाच नाही. बरंच झालं की वाईट, कळत नाही.

२० सप्टेंबर, पुन्हा विमानात

खाली ढग, पिंजलेल्या कापसासारखे. खिडकीपाशी पुष्पलतानं मला बसवलं.

आमच्या पत्र्यावरून विमान गेलं की हे धोटा थांबवून म्हणायचे, "पाह्य वं, कोणीतरी आभाळात सूत ओढून राहिलं." आणि मी आज त्या सुताच्या टोकाला बसले आहे. सांगायला हे नाहीत.

ह्यांना वाचता येत नव्हतं. मलाही नव्हतं येत. सुताच्या गठ्ठ्यांना गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवरून मी अक्षरं जुळवत गेले, ताराचंदच्या पहिलीच्या पुस्तकाशी ताडून बघत. मग ह्यांचा माग चाले आणि शेजारी बसून मी मोठ्यानं वाची. बाजारभाव, खून, कुठल्या देशाचं भांडण, जे असेल ते. मी अडले की मागही थांबायचा. "मग? पुढं काय झालं त्याचं?" कागद फाटलेला असला की पुढचं मीच रचून सांगायची. ह्यांना कळायचं. हसायचे आणि पुन्हा धोटा फेकायचे.

मागाचा आवाज ऐकत झोपायची सवय होती. दोन वर्षं झाली, सवय जात नाही.

२० सप्टेंबर, मुंबई

पुष्पलता इथून आगगाडीनं जाणार. मला नागपूरच्या विमानाच्या दारापर्यंत सोडून गेली. जाताना मिठाच्या सगळ्या पुड्या माझ्या पिशवीत टाकल्या. वेडी!

२१ सप्टेंबर, घरी

विमानाची वेळ चुकलेली, म्हणून सोनेगावच्या विमानतळावर कुणीच न्यायला आलं नाही. रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशी भैयाजी दुकानातून ओरडला, "काकू! आल्या का! काय म्हणते विलायत?" मी हात केला. थांबले नाही.

आणि ऐकू आलं.

खट-खटाक. खट-खटाक.

माझ्या घरातून! पेटी रिक्षातच राहिली. क्षणभर वाटलं... काय वाटलं ते लिहीत नाही. ओसरीवर हात टेकून उभी राहिले.

खड्ड्यात भाऊजी. माझे धाकटे दीर, शालिकराम. कित्येक वर्षांपूर्वी माग सोडून गोदामावर चौकीदार झाले. डोळ्यांवर चष्मा, कपाळाला घाम, बनियनवर सुताचा भुसा.

"उशीर केला वहिनी तुमी."

मी विचारलं, "माग काढायचा होता ना?"

"काढतो ना. ताराचंदनं सांगितलं, मी हो म्हटलं. पण अर्धं कापड कापू का मी? कोष्ट्याच्या पोटचा आहो. ताणा संपवल्याबिगर माग सोडत नाहीत. दादा वरून शिव्या घालंन ना मले! ड्यूटीवरून आलो की बसतो. पयल्या दिवशी तर हातच बसेना, धागा तुटून तुटून जीव गेला." मग आवाज खाली आणून, "सुताच्या कांड्या संपल्या. आमची घरवाली सखू भरते त्या ढिल्या. तुमीच भरा."

तोंडही न धुता रहाटापाशी बसले. कांड्या भरल्या. धोट्यात घालून दिल्या, जशा ह्यांना देत होते तशा.

२२ सप्टेंबर

वीतभर राहिलं.

कापडावरून बोट फिरवलं. ह्यांचा हात कुठं थांबला ते बोटाला बरोबर कळतं. इथवर घट्ट, मग जरासं सैल. सांध्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले. वाटलं होतं राग येईल. आला नाही. दोन वर्षं मी ते थांबलेलं जपत होते. ह्यांनी थांबवलं थोडंच होतं? हे तर पाणी पिऊन परत बसणार होते.

मी म्हटलं, "भाऊजी, उठा. आता मी बसते."

"तुमी? आपल्या घरात बायका मागावर कुठं बसतेत वहिनी?"

"विमानात बसले तेव्हा तर कोणी नाही विचारलं."

भाऊजी हसत हसत वर आले.

खड्ड्यात उतरले आणि पाय खालच्या दाबायच्या पावड्यांना पोचेनात! ह्यांचे पाय लांब, खड्डा त्या मापाचा. इथंही लोंबकळतच. भाऊजींनी पावड्यांवर लाकडाचे ठोकळे बांधले. आयुष्यभर बघितलेलं काम, पण हाताला ते ठाऊक नव्हतं. धोटा दोनदा जमिनीवर पडला. काठ वाकडा आला.

"उसवून सरळ करू का?"

"राहू द्या," मी म्हटलं.

दिवे लागायच्या आत लुगडं उतरवलं. टोकाचं वीतभर माझं. आंधळ्यालाही ओळखू येईल असं.

२५ सप्टेंबर

भैयाजीच्या दुकानात ताराचंदचा फोन. "आई, झाली का खोली रिकामी?"

"झाली. बांध तू खोली. शामलाले घेऊन ये." ती पलीकडून ओरडत होती, "आजी! आजी!" आवाज येत-जात होता. फोन कानाशी दाबून धरला.

"अन् माग? विकला का?"

म्हटलं, "ओसरीत ठेवला."

"ओसरीत? कोण विणणार त्याच्यावर, आई?"

तेवढ्यात लाइन तुटली.

२७ सप्टेंबर

सकाळपासून भाऊजी ओसरीत मागासाठी खड्डा खणत होते. मला काठावर बसवून पाय सोडायला लावले, दोरीनं माप घेतलं. जुन्यापेक्षा वीतभर उथळ निघाला.

पाय टेकले.