प्रज्ञाच्या पाठवणीचा आवाज

९ जाने.
युसूफ वडगाव गावची प्रज्ञा आली. तिच्या लग्नाचं शूटिंग आमचंच. तिचे वडील दिवाळीत वारले. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "ताई, वरचं गाणं काढा की. पप्पा गाडीपाशी मला कायतरी बोलत हायेत. नुसते ओठ हालतेत. तवा रडण्यात मला काय ऐकूच आलं न्हाई."
पाठवणीवर गाणं मीच लावलेलं. सगळ्यांच्याच लावते. मूळ आवाज जुन्या हार्ड डिस्कवर. असेल.

१० जाने.
डिस्क सारखी झोपते. कॉपी सुरू, टक्, बंद. हे म्हणतात, "फेकून दे की ती." स्वतः शूटिंग करून मोकळे, निस्तरायचं मी. लिनक्समधून डिस्कची वीजबचत बंद करायची कमांड दिली. एरर. पुन्हा एरर. डोकं फिरलंय.

११ जाने.
सापडलं! बाहेरचा यूएसबी डबाच कमांड आत जाऊ देत नव्हता. डबा उघडला, डिस्क थेट जुन्या पीसीला जोडली. तीच कमांड परत दिली, एचडीपार्म, बी २५५. डिस्कनं घेतली! एकदम गप्प फिरायला लागली. इतका आनंद झाला की... तेवढ्यात लाइट गेली. आल्यावर बघते तर सेटिंग पुसलेली. पहिले पाढे पंचावन्न.

१३ जाने.
इन्व्हर्टरवर फक्त पीसी. टीव्ही बंद म्हणून सासूबाई तणतणतायत. "कावून गं? एका डबड्यापायी?"
भोगीची भाजी करपली. पाठवणीची फाइल आली. मध्ये एक तुकडा डिस्कला वाचताच येईना, तो सोडून.

१४ जाने.
सण कसला. हेडफोन लावला. गलका, हॉर्न, मग प्रज्ञाचे पप्पा. "प्रज्ञे, रडायचं न्हाई बाळा. आन् ऐक, तुज्या आईला..." पुढे नुसती खरखर. मग गाडी सुटते.
प्रज्ञाला फोन केला. करायला नको होता का?

१६ जाने.
प्रज्ञा आईला घेऊन आली, मांजरसुंब्याला गाडी बदलून. तीनदा ऐकलं. प्रज्ञा रडली. आई नाही. मला म्हणाल्या, "माज्याबद्दल काय म्हनले वो पुढं?"
गाणं लावण्याआधी मी हे सगळं ऐकलं असणार. ऐकतेच नेहमी. त्यांच्यानंतर ते ऐकलेलं माणूस कदाचित मी एकटीच, आणि मला एक शब्द आठवत नाही. लाज वाटली. एवढंच सांगितलं, तो तुकडा अजून डिस्कमधून निघाला नाही.
राहिलेला तुकडा परत परत वाचायची कमांड लावलीय. डिस्कचा आवाज बरा नाही.
प्रज्ञाच्या आई चहाला नको म्हणाल्या. "बसते मी. लागंल तेवढा येळ लागू दे."