नळीच्या तोंडाची हळद

गुरुवार, दसऱ्यानंतरचा. संध्याकाळ

विमान दुरुस्तीला त्या मुलीच्याच वर्कशॉपला देणार. वसंता रुसला तर रुसो.

आज यवतमाळच्या धावपट्टीवर दोन वर्कशॉपांची माणसं आमचं जुनं विमान पाहून गेली. पहिल्या साहेबानं दसऱ्याच्या पूजेचं हळदीकुंकू पाहून हात जोडले, फोटो काढला आणि आठ दिवसांत विमान नवं करून देतो म्हणाला. वसंता, माझा धाकटा भाऊ, तिथंच विरघळला.

दुसऱ्या वर्कशॉपची इंजिनिअर मुलगी आधी पंखाखालच्या बारीक नळीपाशी वाकली. नळीच्या तोंडाशी मी लावलेली हळद सुकून बसली होती.

"काका, हिच्यात वारा शिरतो म्हणून वेगाचा काटा हलतो. ही बुजली तर वर गेल्यावर वेग कळणार कसा?"

येताना गाडीत वसंता म्हणाला, "दादा, तिनं आपल्या पूजेले नावं ठेवली, अन् तू तिलेच काम देऊन राह्यला?"

"पूजेले नाई, मले बोलली."

"एकच झालं."

एकच कसं? हळद माझ्या हातची. त्या साहेबाला नळीवरची हळद दिसली नाही, की दिसूनही गोड बोलला? पुढच्या महिन्यात मी उडवणार आणि शेजारी माझी लेक बसणार. नळीच्या तोंडाशी हळद...

देवाला यात कमीपणा वाटेल असं मला वाटत नाही. वसंताला वाटत असेल तर त्यानं देवाशी बोलावं.

पुढच्या दसऱ्यालाही पूजा होईल. हळद चाकाला लावीन, आणि ताट वसंतालाच धरायला लावीन.