झांजिबारला दोघी

सूर
५ डिसेंबर

माझ्या डोळ्यांचा गारवा, रय्या,

तुला आणि माझ्या जावयाला, अम्मारला, भरभरून सलाम. ग्लासगोच्या थंडीत तुझं नाक लाल झालं असेल. मी पाठवलेला मध सकाळी घेतेस ना, की तो अम्मार पावाला लावून संपवतो? इकडे अल्लाच्या कृपेने सगळं ठीक. संध्याकाळी अंगणात चटई टाकून बसण्यासारखी हवा झाली आहे. गच्चीवर शार्क सुकत घातला आहे आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या मांजरी माझ्या दारात धरणं धरून बसल्या आहेत. सैफकाकांचा गुडघा दुखतो, पण फक्त घरी काम सांगितलं की. मासळीबाजारात लिलाव सुरू झाला की माणूस हरणासारखा पळतो.

फोन असताना आई पत्र का लिहिते, असं म्हणशील. फोनवर तू ‘आई, मुद्द्याचं बोल’ म्हणतेस आणि माझा मुद्दा नेहमी कहव्याच्या तिसऱ्या पेल्यानंतर येतो. पत्रात मला कुणी मध्येच तोडत नाही.

तर मुद्दा. मी झांजिबारला चालले आहे.

हसू नकोस. जानेवारीच्या अखेरीस, चार दिवसांसाठी. मस्कत-सलालाच्या विमानात खुर्चीचा दांडा सोडायला तयार नसलेली तुझी आई समुद्र ओलांडून जाणार आहे. तुझे बाबा मला नेणार होते हे तुला ठाऊक आहेच. लिलाव पुकारून घसा बसलेला असायचा, तरी जेवताना झांजिबारचा विषय निघाला की आवाज परत यायचा. त्यांच्या आजोबांची गलबतं तिकडे जायची, येताना लवंगा आणि आंबे. बाबा स्वतः कधी गेले नाहीत. आता मी जाते.

एकटी नाही, काळजी करू नकोस. बरोबर एक बाई आहे, ओळखीचीच. स्वभावाने बरी, खाण्याचे नखरे नाहीत, झोपेत घोरत नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. फक्त हट्टी आहे. तिला तिथली मोठाली कासवं बघायची आहेत. मी म्हटलं, “सूरच्या बाईने कासव बघायला समुद्र ओलांडायचा? आपल्या रास-अल-जिंझच्या किनाऱ्यावर ती स्वतःहून चालत येतात.” तर म्हणे, “आपली कासवं रात्री येतात, अंडी घालतात आणि सकाळी गायब. तिथली म्हातारी दिवसभर बसून राहतात. निवांत भेटता येतं.” कासवाला भेटायला निघाली आहे!

मला लवंगेचं झाड बघायचं आहे. आयुष्यभर भातात घातली, पण ती फांदीवर कशी दिसते ते माहीत नाही. आणि अजून एक, हे अम्मारला सांगू नकोस. मला कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं आहे. समुद्राकाठी जन्म काढला, पण घोट्याच्या वर पाय भिजला नाही. इथे सगळे ओळखतात. तिथे कोण बघतंय?

कपडे कसे न्यावेत, मलेरियाच्या गोळ्या कधी सुरू करायच्या, ते कळव. तू दातांची डॉक्टर असलीस म्हणून काय झालं, डॉक्टर ती डॉक्टर.

तुझी आई

*

सूर
२ जानेवारी

रय्या, बाळा,

सलाम तुला. तुझ्या मुनीराकाकूने तुला फोन केला हे मला तुझ्याच फोनवरून कळलं. तू एवढंच म्हणालीस, “आई, त्या बाईबरोबर?” आणि ठेवून दिलास. त्यानंतर मी तीनदा लावला. मग ठरवलं, लिहावं. कागद बंद करता येतो, पण तू करणार नाहीस. लहानपणापासून तुला शेवट वाचल्याशिवाय झोप येत नाही.

हो. नस्राबरोबर. तुझ्या बाबांच्या दुसऱ्या बायकोबरोबर. माझ्या सवतीबरोबर. घे, लिहिलं एकदाचं.

तू बारा वर्षांची होतीस. बाबांनी मागच्या गल्लीत दुसरं घर केलं तेव्हा तू माझ्या पदराला धरून उभी होतीस आणि त्या दिवसापासून तिचं नाव घेतलं नाहीस. माझ्यासाठीच तो राग होता, मला माहीत आहे. माझाही राग खरा होता. आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत, पण मी तिच्या चुलीचा वास आला तरी खिडकी लावून घ्यायचे. तुझ्या रागाला मी नावं ठेवत नाही. फक्त माझा संपला, आणि तुला ते कसं सांगावं हे कळेना. संपलेल्या रागाची बातमी कुणी कशी देतं?

बाबा गेले तो उन्हाळा तुला आठवतो. तू परत गेलीस आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्या घरचा एसी बंद पडला. शोकाचे दिवस, बाईने घराबाहेर पडायचं नाही, आणि बाहेर अशी आग की दाराची कडी हाताला चिकटावी. सैफकाका रोज म्हणत, “मिस्त्री उद्या येतो.” एका दुपारी मी भिंतीवरून हाक मारली, “ए, जिवंत आहेस का?” म्हणाली, “अर्धी.” मी म्हटलं, “उरलेली अर्धी इकडे घेऊन ये.” ती उशी काखोटीला मारून आली. पुढे मिस्त्री आला, एसी चालू झाला, पण उशी इथेच राहिली.

पहिले काही दिवस आम्ही फक्त मिठाबद्दल बोललो. जास्त झालं, कमी झालं. मग एका सकाळी कांदे चिरत बसलो होतो. रडायला दोघींनाही सोयीचं. मी म्हटलं, “मला झांजिबारला नेणार होते. म्हणायचे, झुवैना, वारा फिरला की निघू, फक्त तू आणि मी.”

नस्राची सुरी थांबली. “वारा फिरला की?”

“हो.”

“फक्त तू आणि मी?”

“हो. का गं?”

“वाक्यसुद्धा बदललं नाही मेल्याने!”

आणि मग ती काय बोलून गेली ते तिच्याच लक्षात आलं. तोंडावर हात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. आणि मला असं हसू फुटलं, रय्या, की पाटावरून खाली घसरले. ती हसली, मी हसले, मग दोघी रडलो, मग परत हसलो. मुनीराकाकू समाचाराला म्हणून दारात आल्या होत्या. विधवा खिदळताहेत हे बघून आल्या पावली परत गेल्या. बाकी गावाला त्यांनी काय सांगितलं ते तुला माहीतच आहे.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बाबांनी फक्त मलाच वाट बघायला लावली नव्हती. भिंतीच्या पलीकडेही कुणीतरी वारा फिरायची वाट बघत होतं. आता ते नाहीत, तर म्हटलं, आपण जाऊ.

प्रवास कचेरीतली गंमत ऐक, म्हणजे तुझा राग थोडा उतरेल. टेबलामागे एक गोरागोमटा मुलगा, केसांना तेलबिल लावलेला. म्हणाला, “दोघी बहिणी का?”

“नाही,” मी म्हटलं.

“मैत्रिणी?”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. नस्रा म्हणाली, “तसं म्हणायला हरकत नाही, पण सुरुवात तशी झाली नव्हती.”

“मावशी, मला नातं लिहावं लागतं.”

“मग लिही,” नस्रा म्हणाली, “नवरा एकच.”

बिचाऱ्याच्या हातातला चहा सांडला. पुसता पुसता त्याने सांगितलं की समुद्रासमोरची खोली फक्त नव्या जोडप्यांच्या सहलीत आहे. बिछान्यावर गुलाबाच्या पाकळ्या, संध्याकाळी होडी आणि केक. नस्रा माझ्या कानात म्हणाली, “आपल्या दोघींचा मिळून तो हनिमून राहिलाच आहे.” मी त्या पोराला सांगितलं, “तीच खोली दे. फक्त पाकळ्या नकोत. झाडायला बाई लागते.”

आता हसलीस ना? थोडी तरी?

मग उरलेलंही ऐक, हे मला लिहायचं नव्हतं. नस्राचा भाऊ खल्फान बिदिय्याला असतो. तो म्हणतो, मूलबाळ नाही, नवरा नाही, कुणाच्या जिवावर सूरमध्ये पडून राहतेस, माहेरी चल. तो याच महिन्यात येणार आहे. मी तिला विचारलं, “जाशील?” ती म्हणाली, “झांजिबार बघू आणि मग ठरवू.” मी म्हटलं, “माझ्याकडे काय कमी आहे?” तिने हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “उन्हाळ्यात रय्या येते तेव्हा मी काय करू? महिनाभर माझी उशी उचलून भिंतीपलीकडे नेऊ? तिचं घर आहे, झुवैना. मुलीने आईच्या घरात मोकळेपणाने यावं.”

गेल्या दोन उन्हाळ्यांत ती तेच करत होती. तू आलीस की ती नाहीशी व्हायची आणि तू गेलीस की संध्याकाळी कहवा घेऊन यायची. तुला कळलं नाही, कारण आम्ही दोघींनीही कळू दिलं नाही.

मी तुझी परवानगी मागत नाही. मागतेच आहे, खरं म्हणजे. तू दूर आहेस, सुखात आहेस, मला त्याचा आनंद आहे. पण संध्याकाळची अजान झाली की हे घर फार मोठं होतं, बाळा. भात एकटीपुरता शिजवला की तो भांड्याच्या तळाला शोधावा लागतो. तिच्याशी मी मिठावरून भांडते तेव्हा मला बरं वाटतं.

मलेरियाच्या गोळ्यांचं तू कळवलं नाहीस. मी इथल्या दवाखान्यात विचारीन.

तुझीच, तुझ्या फोनची वाट बघणारी,
आई

*

सूर
२४ जानेवारी

माझ्या रय्या,

उद्या सकाळी निघायचं. सैफकाका मस्कतच्या विमानतळावर सोडतील. कुरकुरत का होईना, पण गाडी धुऊन ठेवली आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा आम्ही परतही आलेल्या असू, तरी लिहिते. काही गोष्टी फोनवर बोलले तर मला रडू येईल आणि तू ‘आई, मुद्द्याचं बोल’ म्हणशील.

परवा दुपारी मी कणीक मळत होते. कोपरापर्यंत हात भरलेले, आणि तुझा फोन वाजला. मी ओरडले, “नस्रा, बघ गं कोण आहे!” तिला वाचता येतं ना, तुझं नाव दिसलंच असणार. तरी तिने उचलला.

तू “आई?” म्हणालीस असेल. मला तिचं ऐकू आलं, “नाही बेटा. मी नस्रा.”

माझे हात कणकेतच राहिले. मला वाटलं, ठेवणार तू. मी मोजत नव्हते, पण बाहेर मांजर ओरडलं, शेजारच्या दाराची घंटी वाजली, आणि तरी फोन तिच्या कानालाच होता. मग ती म्हणाली, “हो.” मग ती तुझं ऐकत राहिली. मग, “हो, तिची रक्तदाबाची गोळी सकाळी, जेवणाआधी. मी देते.” मग, “नाही, तिला पोहता येत नाही. मलाही नाही.” मग ती हसली. रय्या, तू काय म्हणालीस की ती हसली? शेवटी अगदी हळू, “तूही स्वतःला जप.”

ती स्वयंपाकघरात आली आणि फोन पुसून ओट्यावर ठेवला, जसा काही तो ओला झाला होता. मी विचारलं, “काय म्हणाली?” म्हणाली, “तुझी कणीक घट्ट झाली आहे, पाणी घाल.” तेव्हापासून विचारते आहे, एक अक्षर सांगत नाही. म्हणते, “ते आमच्या दोघींचं आहे.” ऐकलंस? तुमच्या दोघींचं! इतकी वर्षं मी दोघींच्या मध्ये भिंतीसारखी उभी, आणि आता मलाच बाहेर ठेवलंत. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

काल खल्फान आला. मोठी पिकअप घेऊन आला, कपाट न्यायच्या तयारीनेच. मी हलवा ठेवला, कहवा ओतला. तो दोन पेले प्याला आणि म्हणाला, “चल, आवर.” नस्रा म्हणाली, “भाऊ, गाडी आणलीसच तर एक काम कर. बाजारातून विटा आणि सिमेंट आण.”

“कशाला?”

“मधल्या भिंतीला दार पाडायचं आहे. पाडल्यावर कडा लिंपाव्या लागतील.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, ती मला एकटीलाच बाजूला घेऊन निरोपाचं काहीतरी बोलेल. मी रिकामा पेला भरत राहिले आणि कहवा बशीत सांडला. खल्फान म्हणाला, “झुवैनाबाई, तुमचं काय म्हणणं?” मी म्हटलं, “दार रुंद ठेवा. आम्ही दोघीही बारीक नाही.”

तो हसला नाही, पण आज सकाळी विटा आणल्या. गवंडी आम्ही आल्यावर येईल. तू उन्हाळ्यात येशील तेव्हा घर तुला थोडं वेगळं दिसेल, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे दारातून पाऊल मागे घेणार नाहीस. तुझी खोली तशीच आहे. तिला कुणी हात लावलेला नाही, नस्राने तर नाहीच. ती फक्त तुझ्या खिडकीतल्या सब्जाच्या रोपाला पाणी घालते, तेही मला विचारून.

सामान बांधून झालं. माझी एक पेटी, तिच्या दोन. तिने खजूर इतके भरलेत की मी म्हटलं, झांजिबारचे लोक उपाशी आहेत का? म्हणाली, “कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जातात का?” मी म्हटलं, आपण हॉटेलात जातो आहोत, घरी नाही. तिला ते पटत नाही. कासवांनाही खजूर देईल, बघ.

भीती वाटते का, असं विचारशील. वाटते. विमानाची वाटते, पाण्याची थोडी वाटते. पण काल विमानाचं तिकीट हातात घेऊन बसले होते आणि मनात बाबांचा विचार आला. राग नव्हता आणि रडूही नव्हतं. नुसतं वाटलं, ते असते तर खिडकीची जागा स्वतः घेतली असती. आता ती आम्ही दोघींत वाटून घेणार आहोत, जाताना ती, येताना मी.

नस्रा शेजारीच बसली आहे आणि मी काय लिहिते ते डोकावून बघते आहे. मी तिला म्हटलं, “लिहायचं असेल तर सरळ पेन माग.” तिने मागितलं. मी देते आहे.

तुझ्यावर जीव ओवाळून टाकणारी,
तुझी आई झुवैना

तुझ्या आईला धडधाकट परत आणते. कमरेच्या वर पाण्यात जाऊ देणार नाही.
– नस्रा