तुझा सिनेमा, न पळवता

प्रिय सुनंदा,

तुला जाऊन तीन महिने होतील. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आज घाईघाईने लिहायला बसलोय, कारण तुझा तो कोरियन सिनेमा आज काढून टाकणार आहेत. मृणालचा सकाळी कळव्याहून फोन आला. "बाबा, आज लास्ट डे आहे हां त्याचा. उद्यापासून टीव्हीवर दिसणार नाही. बघायचा असेल तर आजच बघून घ्या." आपल्या लेकीला काय माहीत, हा सिनेमा माझ्या मानगुटीवर बसलाय ते!

आपलं शेवटचं भांडण त्याच्यावरूनच झालं ना?

समुद्रकाठचं गाव, कपडे शिवणारी ती बाई आणि दीपगृहाच्या दुरुस्तीला आलेला तो माणूस. सव्वा तास झाला तरी दोघांनी एकमेकांचं नाव विचारलेलं नव्हतं. नुसता वारा, दोरीवर वाळणारी मासळी आणि खिडकीच्या काचेवरचं धुकं. मी चौतीस वर्षं बस डेपोत वाहतूक नियंत्रक होतो गं. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तरी ड्रायव्हरला फैलावर घेणारा माणूस. मला हे कसं सोसावं? रिमोट माझ्याच हातात होता. पळवला पुढे.

"अहो, काय करताय? आत्ताच तर तो बोलला!"

"कुठे बोलला? तोंड तरी उघडलं का त्याने?"

"तिचा निळा दोरा संपलाय हे त्याने बघितलं आणि काही न सांगता रीळ आणून ठेवलं. तेच बोलणं. तुम्हाला नाही कळायचं."

मी हसलो. म्हणालो, एवढ्या वेळात आमची गाडी नाशिकला पोचली असती. आणि पुन्हा बटण दाबलं. तू उठून टीव्ही बंद केलास. बावीस मिनिटं उरली होती. स्वयंपाकघराच्या दारात थांबून तू विचारलंस, "तो राहील का हो तिथे? की काम संपलं की जाईल?"

"मला काय विचारतेस? मी काय डायरेक्टर आहे?"

दोन दिवसांनी सकाळी भाजी निवडता निवडता तू बसल्या जागी गेलीस. मधल्या दोन दिवसांत आपण बोललो ते कामापुरतं. दूध आलं का, गॅस नोंदवला का. बस्स.

एक विचारू? तू तरी रिमोट हिसकावून का नाही घेतलास? लग्नाला तेहतीस वर्षं झाली, जेवण, फिरणं, तुझं बोलणं, मी सगळंच पळवत आलो आणि तू पळवू दिलंस. हा राग तुझ्यावर आहे की माझ्यावर, मला अजून ठरवता येत नाही.

दहाव्या दिवशी काय झालं ते तुला सांगायला हवं. खाडीवर आम्ही पंधरा-वीस जण होतो. पिंड ठेवला. कावळा आला, कठड्यावर बसला, पण शिवेना. अर्धा तास झाला. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी म्हणाले, "त्यांचं काही राहिलं असेल तर मोकळेपणी बोला." मृणाल रडत म्हणाली, "आई, मी बाबांना एकटं नाही सोडणार." कावळा जागचा हलला नाही. टिटवाळ्याचा तुझा भाऊ सुधीर पुढे झाला. "ताई, म्हातारीचं टेन्शन नको घेऊ, आईला मी बघतो." तरी नाही. मग तो माझ्याकडे वळला. "भावोजी, तुम्ही बोला ना. काय राहिलंय तिचं?"

काय राहिलंय ते मला पक्कं ठाऊक होतं. शब्द ओठांवर आले होते. पण समोर व्याही, डेपोतले जुने सहकारी, सोसायटीचे लोक. त्यांच्यादेखत म्हणू की माझ्या बायकोचा कोरियन प्रेमपट बघायचा राहिलाय? लाज वाटली, सुनंदा! मी एवढंच म्हणालो, "काळजी करू नकोस." कावळा उडून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. सगळे सुटल्यासारखे उठले. मी तिथेच बसून होतो.

तेव्हापासून मनाला घोर लागलाय. तू रागातच गेलीस का? कितीदा सिनेमा लावला आणि पहिली पाटी दिसताच बंद केला. आज ते चालणार नाही. अकरा वाजलेत. रिमोट बाजूच्या वैद्यबाईंकडे देऊन येतो. पुढचं नंतर लिहीन.

*

दीड वाजून गेलाय. पाहिला. पूर्ण.

मी पळवलेल्या भागात काय होतं सांगू? ती त्याच्या कोटाचं बटण लावत असते आणि तो बसलेला असतो. पाच-सहा मिनिटं एवढंच. आधी पाय हलत होते माझे. मग कधी थांबले कळलं नाही. बटण केव्हाच लावून झालं होतं, तरी ती सुई खालीवर करत होती. हे मला दिसलं, सुनंदा. कुणी न सांगता दिसलं!

आणि शेवट? मी चिडलोच. तो बॅग घेऊन थांब्याच्या बाकावर, ती शेजारी. बस येते आणि दोघांना झाकून उभी राहते. सुटते, आणि बाक दिसायच्या आतच पडदा काळा. तो गेला की राहिला, सांगतच नाहीत! तू असतीस तर लगेच सांगितलं असतंस. मी कुणाला विचारू?

रिमोट परत आणला. आयुष्यात पहिल्यांदा मागे नेला. तीनदा. आणि तिसऱ्यांदा, जन्मभर डेपोत जे केलं तेच केलं. खिडक्यांतली डोकी मोजली. बस आली तेव्हा पाच. सुटली तेव्हाही पाच, मागच्या बाकावरच्या लाल टोपीसकट तीच पाच. तो चढलाच नाही!

"राहिला गं तो! सुनंदा, राहिला!" मी केवढ्याने ओरडलो असेन! वैद्यबाई धावत आल्या. "काका, काय झालं? कोणाशी बोलताय?"

"हिच्याशी," मी म्हणालो. "सिनेमाचा शेवट सांगत होतो."

त्या चपला काढून आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही सांगा." मी पहिल्यापासून सांगितला. रिळासकट. मध्ये रडलोही त्यांच्यासमोर, आणि लाज वाटली नाही.

तुला वचन देतो. यापुढे तुझ्याशी जे बोलायचं ते कुणाहीसमोर बोलेन, आणि शेवटपर्यंत बोलेन.

तुझाच,
मधुकर