मधला रस्ता

धाकट्या शहाण्या,

आज तुमच्या व्यसनमुक्ती संस्थेच्या फाटकाशी माझा पेशंट ताब्यात घेताना तू फाईलवर सही केलीस आणि म्हणालास, "ताई, माल पोचला, आता पळ." मी हसले. पण पुढे जे बोललास, त्यानं वॉर्डात परतल्यावर काम सुचेना.

आमच्या सरकारी दवाखान्यात आठवड्याभरात दारू अंगातून उतरते, पुढचे सहा महिने तुमची संस्था सांभाळते. मधे फक्त एक रस्ता. पेशंटला नर्सनं स्वतः पलीकडे न्यायचं, हा नियम माझा, म्हणून बैठकीत सगळे माझं कौतुक करतात. तो का आणला, हे कुणी विचारत नाही.

चार वर्षांपूर्वी तू पेशंट होतास, तेव्हा मी फाईल तुझ्याच हातात दिली. म्हटलं, "समोरच तर आहे, जा. मला ड्यूटी आहे." वाटेत दारूचं दुकान आहे, हे मला ठाऊक होतं. तू पलीकडे पोचलास अकरा महिन्यांनी.

ड्यूटी संपली होती रे. सगळ्यांदेखत तुझ्याबरोबर चालायची मला लाज वाटली.

आणि आज तू त्या घाबरलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "काका, माझी ताई स्वतः सोडायला आली ना? मग अर्धे बरे झालात."

हे पत्र उद्याच्या पेशंटच्या फाईलमध्ये घालीन म्हणते. आधीची दोन अजून ॲप्रनच्या खिशातच आहेत.

चार वर्षं उशिरा रस्ता ओलांडणारी,
तुझी ताई